इंफाळचं हरिकेन, १/७२: किट जोडण्याचा क्रम आणि हमखास बिघडणाऱ्या जागा

दरवर्षी गणपतीच्या आसपास मला एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन फायटर विमानाचं १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, प्लास्टिकचं मॉडेल जोडून झालेलं असतं, रंगही बरा बसलेला असतो, पण पंखावरच्या हवाई दलाच्या गोल खुणांभोवती डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या छापील खुणेच्या, फिल्मची चंदेरी कडा चमकत असते. नाहीतर कॉकपिटच्या काचेला आतून पांढरं धुकं धरलेलं असतं. नाहीतर पाठीवरून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली असते, जी रंग देईपर्यंत कुणाला दिसली नव्हती. खाली प्रश्न एकच: "आता काय करू?" बहुतेक वेळा फारसं काही करता येत नाही, कारण चूक तीन-चार टप्पे मागेच होऊन गेलेली असते.

म्हणून इथे भर क्रमावर आहे. नमुन्याला घेतलंय भारतीय हवाई दलाच्या १ नंबर स्क्वॉड्रनचं हरिकेन मार्क २-सी, इंफाळ, १९४४. तुम्ही स्पिटफायर करत असाल किंवा लायसँडर, क्रम तोच राहतो. हात चालवायचं काम एकूण दहा-बारा तासांचं. थांबायचं काम मात्र दोन आठवड्यांचं, आणि लोक चुकतात ते या थांबण्यात.

टप्पा १: विमान कोणतं, आणि कोणत्या महिन्यातलं

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. खोक्यावरचं चित्र आवडलं की गोंद उघडतात. पण "हरिकेन" एवढं ठरवून भागत नाही. एक विशिष्ट विमान, एक विशिष्ट काळ आणि शक्यतो त्याचा फोटो समोर हवा. कारण खालच्या प्रत्येक गोष्टीचा निर्णय जोडणीच्या आधी घ्यावा लागतो.

मार्क, म्हणजे विमानाची आवृत्ती: मार्क १ चं किट स्वस्तात मिळालं म्हणून त्यावर १९४४ च्या खुणा चिकटवू नका. मार्क २ चं नाक काही इंचांनी लांब आहे आणि २-सी च्या पंखांत २० मिलिमीटरच्या चार तोफा आहेत. १/७२ मध्ये २-सी ची किटं रेव्हेल, हासेगावा आणि आर्मा हॉबी यांनी काढलेली आहेत. खोक्यावर "मार्क २-सी" लिहिलंय ना, एवढं वाचून घ्या.

तोफा: आघाडीवरच्या काही विमानांच्या चारपैकी दोन तोफा वजन कमी करायला काढलेल्या असत. तुमच्या फोटोत दोनच दिसत असतील तर उरलेली दोन भोकं प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या थराच्या, आधी बुजवावी लागतील. रंग झाल्यावर हे लक्षात आलं तर अख्खा पंख पुन्हा रंगवायला लागतो.

नाकाखालचा फिल्टर: धुळीच्या प्रदेशातल्या हरिकेनला इंजिनाची हवा गाळणारा, हनुवटीसारखा मोठा व्होक्स फिल्टर असे. किटमध्ये नाकाचे दोन पर्याय असतील तर कोणता लावायचा ते नाक बंद करण्याआधी ठरवा.

रंग: इथे सर्वात जास्त घोळ होतो. किटच्या सूचनापत्रात ब्रिटनमधल्या विमानाची रंगसंगती असते: वरून राखाडी आणि हिरवा, शेपटीजवळ फिकट पट्टा, पंखांच्या पुढच्या कडेला पिवळी रेघ. तो फिकट पट्टा आणि पिवळी रेघ ही ब्रिटनमधल्या फायटर विमानांची ओळखखूण होती. इंफाळच्या विमानाला दोन्ही नकोत. तिथे वरून डार्क अर्थ म्हणजे मातकट तपकिरी आणि डार्क ग्रीन, खालून बहुधा मीडियम सी ग्रे.

गोल खुणा: मधला लाल ठिपका नको. जपानी विमानावरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच तोफा आपल्या विमानावर चालू नयेत म्हणून या आघाडीवर लाल रंग काढून टाकला होता. आधी लालावर पांढरा मारला. मग पांढरा फार उठून दिसतो म्हणून त्यात निळा मिसळून फिकट निळा केला. शेपटीवरच्या उभ्या पट्ट्यातही तेच दोन निळे, गडद आणि फिकट.

पांढरे पट्टे: पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असलेली बर्मा आघाडीची विमानं तुम्ही पाहिली असतील. ते पट्टे १९४५ च्या सुरुवातीचे. १९४४ मध्ये जपान्यांनी इंफाळला घातलेल्या वेढ्याच्या काळातल्या हरिकेनवर ते लावले की जाणकाराच्या पहिल्या नजरेत मॉडेल चुकतं.

महिना कशाला हवा, तर चिखलासाठी. हे स्क्वॉड्रन अर्जन सिंग यांच्या हाताखाली फेब्रुवारी १९४४ मध्ये इंफाळला आलं आणि चौदा महिने आघाडीवर राहिलं. मार्चमधलं विमान करत असाल तर चाकांवर कोरडी धूळ, जुलैमधलं करत असाल तर चिखल. दोन्ही एकाच विमानावर नको.

सावध: दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन आहे. आकार, काचेची चौकट, चाकांचे खण पाहायला जरूर जा आणि भरपूर फोटो काढा. पण संग्रहालयातली विमानं पुन्हा पुन्हा रंगवलेली असतात. रंगाचा पुरावा म्हणून ते फोटो धरू नका.

हे सगळं एका कागदावर लिहा आणि कागद टेबलासमोर चिकटवा. माझ्या कागदावर सहसा सहा ओळी असतात. त्या सहा ओळींनी जेवढी किटं वाचवली तेवढी कुठल्याही महागड्या हत्याराने वाचवली नाहीत.

टप्पा २: सामान

लागतं ते थोडंच: बारीक तोंडाचा निपर, टोकदार पात्याची सुरी, चिमटा, ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, पुटी, पातळ प्लास्टिक सिमेंट, आणि घरातला पांढरा फेव्हिकॉल. रंगासाठी एअरब्रश असला तर उत्तम. नसला तर चांगले सपाट ब्रश आणि पातळ केलेल्या रंगाचे तीन-चार हात. ब्रशने सुंदर काम करणारे लोक मी पाहिलेत. घाईने एअरब्रश चालवून वाट लावणारेही पाहिलेत.

रंगांत हम्ब्रॉलचा २९ म्हणजे डार्क अर्थ, ३० म्हणजे डार्क ग्रीन, १६५ म्हणजे मीडियम सी ग्रे. तामियात हिरव्यासाठी एक्सएफ-८१, राखाडीसाठी एक्सएफ-८३ आणि मातकटसाठी एक्सएफ-५२ जवळचा. एकाच कंपनीचे, एकाच जातीचे रंग आणि त्यांचाच थिनर घ्या. इनॅमलमध्ये ॲक्रिलिकचा थिनर घालून रंगाची दह्यासारखी गुठळी झालेली मी स्वतःच्या बाटलीत पाहिली आहे.

फेव्हिक्विकबद्दल. ते घरात असतंच, म्हणून लोक सगळीकडे तेच वापरतात. प्लास्टिक सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. फेव्हिक्विक नुसतं मध्ये बसतं, ठिसूळ राहतं आणि सरकवायला दोन सेकंदही देत नाही. धातूचा भाग प्लास्टिकला जोडायचा असेल तरच ते काढा, आणि काचेच्या आसपास तर फिरकूही देऊ नका.

टप्पा ३: धुणं, मोजणं, कोरडं जोडून पाहणं

साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर प्लास्टिकवर राहतो. त्यावर रंग धरत नाही. दोन आठवड्यांनी मास्किंग टेप ओढली की टेपबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो, आणि दोष टेपला जातो. म्हणून भाग किटच्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतानाच कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा. पाणी गरम नको, पातळ भाग वाकतात. धुताना सिंकच्या जाळीवर फडकं टाका. माझ्या एका विमानाचा आरसा आजही आमच्या ड्रेनेजच्या पाइपात कुठेतरी आहे.

वाळल्यावर सूचनापत्रातल्या आकृतीशी प्रत्येक भाग ताडून पाहा. एखादा भाग नसला तर दुकानदाराला आत्ताच कळवता येतं. मला एका दुकानाने "तुम्हीच हरवला असेल" म्हणून परत पाठवलं होतं, कारण मी अर्धं किट कापून झाल्यावर गेलो होतो. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

भाग कापताना निपर अंगालगत लावू नका. आधी दोन मिलिमीटर लांब कापा, मग उरलेला खुंट सुरीने आणि पेपरने काढा. अंगालगत कापलं की प्लास्टिक ताणून पांढरं पडतं आणि कधी खड्डाच पडतो.

मग गोंदाशिवाय जोडा. धडाचे दोन भाग, पंख, शेपटी, सगळं मास्किंग टेपने बांधून पाहा.

तपासा: हरिकेनचा पंखविस्तार ४० फूट, म्हणजे १/७२ मध्ये साधारण १६९ मिलिमीटर. लांबी साधारण १३७ मिलिमीटर. टेपने बांधलेलं मॉडेल पट्टीवर ठेवा. एखाद-दोन मिलिमीटर चालतं. त्याहून जास्त फरक आला तर काहीतरी नीट बसलेलं नाही.

टप्पा ४: कॉकपिट आधी

धड बंद झाल्यावर आतून रंग देता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरीही दर दहातला एक जण विसरतो. आतल्या भिंती, सीट, पॅनेल वेगवेगळे रंगवा, मग जोडा. १/७२ मध्ये काच बसल्यावर दिसतं ते सीट, पट्टे आणि पॅनेलचा वरचा भाग. तिथे वेळ द्या, बाकीचं पटकन उरका. पट्ट्यांसाठी मास्किंग टेपच्या अर्धा मिलिमीटरच्या पट्ट्या कापून फिकट खाकी रंगवल्या तरी पुरतात.

सावध: जोडायच्या कडांवर रंग गेला असेल तर तो खरवडून काढा. सिमेंट प्लास्टिक विरघळवतं, रंग नाही. रंगावर लावलेला सांधा आज धरल्यासारखा वाटतो आणि पुढच्या आठवड्यात सुटतो.

आणखी एक: "नाकात वजन भरा" हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो नाकाखाली चाक असलेल्या विमानांसाठी आहे, जी शेपटीवर बसतात. हरिकेन मुळातच शेपटीच्या चाकावर टेकून उभं राहतं. नाकात काही भरायची गरज नाही.

टप्पा ५: धडाची शिवण

आता सावकाश. सगळ्या मॉडेलची परीक्षा इथे होते.

धडाचे दोन भाग हातात एकमेकांना टेकवा. आधी गोंद लावून मग चिकटवायचं नाही. भाग टेकलेले असताना पातळ सिमेंटचा ब्रश शिवणीला नुसता टेकवा. सिमेंट आपोआप फटीत ओढलं जातं, तुम्हाला ते धावताना दिसतं. दीड-दोन सेंटिमीटर झालं की थांबा आणि दोन्ही बाजूंनी हलकं दाबा. विरघळलेल्या प्लास्टिकचा केसाएवढा मणी शिवणीतून वर येतो. तो आला म्हणजे आत फट उरली नाही. पुसू नका. पुढचे दीड-दोन सेंटिमीटर करा. नाकापासून शेपटीपर्यंत असं झालं की टेप बांधा आणि बाजूला ठेवा.

किती वेळ? पूर्ण चोवीस तास. पावसाळ्यात मी छत्तीस धरतो. तासाभरात शिवण घट्ट लागते, आणि फसवणूक तिथेच होते. आतलं प्लास्टिक अजून मऊ असतं. त्या अवस्थेत घासून गुळगुळीत केलं की पुढच्या काही दिवसांत ते आकसतं आणि रेघ पुन्हा उमटते, तीही रंगाखालून. फोटो पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांची "रंग देईपर्यंत दिसत नव्हती" ती रेघ हीच.

वाळल्यावर ४०० च्या पेपरने मणी उतरवा, मग ६००, मग १०००. पाणी लावून घासा. हरिकेनमध्ये एक खास अडचण आहे: पुढचं धड पत्र्याचं, पण कॉकपिटच्या मागचं धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं. किटवर त्या कापडाचे हलके उंचवटे कोरलेले असतात. जोरात घासलं की ते सपाट होतात आणि विमान प्लास्टिकचं दिसायला लागतं, म्हणजे जे आहे तेच. पेपर बोटावर गुंडाळू नका. लहान पट्टी कापून आइस्क्रीमच्या काडीला चिकटवा आणि शिवणीच्या दोन मिलिमीटर आतच फिरवा. आजूबाजूला टेप लावून ठेवली तर आणखी बरं.

पुटी लावायचीच असेल तर थोडी लावा, वाळू द्या आणि पुन्हा घासा. एकदम जाड थर आतून वाळत नाही.

तपासा: डोळे मिटून अंगठ्याचं नख शिवणीवर आडवं फिरवा. नख अडलं तर काम बाकी आहे. डोळ्यापेक्षा नख खरं बोलतं.

टप्पा ६: पंख आणि सरळ उभं राहणं

हरिकेनचा पंखाचा मधला भाग सपाट आहे आणि वर उचललेला कोन बाहेरच्या पंखांपासून सुरू होतो. पंख धडापासूनच वर उचलले की ते भलत्याच विमानाचे वाटतात. खालचा पंख एकसंध असेल तर निम्मं काम किटनेच केलेलं असतं. फक्त धडाला लावताना डावं-उजवं सारखं आहे ना, ते पाहायचं.

त्यासाठी दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या वह्या ठेवा आणि समोरून, डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघा. आडवी शेपटी पंखांशी समांतर, उभी शेपटी काटकोनात. सिमेंट ओलं आहे तोवर अर्धा मिलिमीटर सरकवता येतं, नंतर नाही. रात्रभर तसंच ठेवा. घरात लहान मूल असेल तर कपाटावर ठेवा.

पंख आणि धडाच्या सांध्यात फट राहिली तर तिथे पुटीऐवजी फेव्हिकॉल भरून ओल्या इअरबडने पुसून घ्या. घासायला लागत नाही आणि आजूबाजूला कोरलेल्या, पत्र्याचे सांधे दाखवणाऱ्या रेघा वाचतात.

टप्पा ७: काच

काच फेव्हिकॉलने चिकटवायची. हो, सुतारकामाचाच. वाळल्यावर तो पारदर्शक होतो, चुकून बोट लागलं तर ओल्या कापडाने निघतो आणि वाफ सोडत नाही. फेव्हिक्विकची वाफ काचेवर जाऊन बसते आणि तेच ते आतलं पांढरं धुकं. काच बंद झाल्यावर ते पुसायला हात जात नाही.

काच बसवण्याआधी आत फुंकर मारा, प्लास्टिकचा चुरा हमखास असतो. मग चौकटी सोडून बाकी काचेवर मास्किंग टेपचे तुकडे लावा. हरिकेनच्या काचेला चौकटी बऱ्याच आहेत आणि हे काम कंटाळवाणं आहे. मी ते क्रिकेट बघत करतो, कसोटी असेल तर जास्त चांगलं. टेप लावल्यावर चौकटींवर आधी कॉकपिटचा आतला रंग मारा, त्यावर नंतर बाहेरचा येईल. मग काचेतून पाहिलं की चौकटीची आतली बाजू आतल्या रंगाची दिसते.

चाकांचे खण टेपने किंवा ओल्या टिश्यूने भरा.

टप्पा ८: प्रायमर, आणि हवेची आर्द्रता

प्रायमर रंगासाठी जेवढा, तेवढाच चुका पकडण्यासाठी. एकसारखा राखाडी थर आला की राहिलेली रेघ, ओरखडा, खड्डा सगळं वर येतं. म्हणून तो रंगाच्या आदल्या रात्री न मारता दोन दिवस आधी मारा. काही सापडलं तर टप्पा ५ वर परत या. लाज वाटून घेऊ नका, प्रत्येक मॉडेल एकदा तरी मागे जातं.

आता पावसाळा. लॅकर जातीचा प्रायमर किंवा क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, दमट हवेत मारला की थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या थरात अडकते. वाळल्यावर सगळ्यावर पांढुरकी साय दिसते. कोकणात आणि मुंबईत हे जूनपासूनच सुरू होतं. पुण्यातही जुलै-ऑगस्टमध्ये सुटका नाही. आर्द्रता ७० टक्क्यांवर असेल तर मी लॅकर उघडत नाही. स्वस्त आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. दुपारी बारा ते तीनमध्ये सहसा कोरडा वेळ मिळतो.

साय धरलीच तर घासू नका. कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या लॅकर थिनरचा अगदी हलका फवारा मारा. थर पुन्हा सैल होतो, अडकलेली वाफ निघते आणि साय बऱ्याचदा जाते.

सावध: कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा ट्रॅप हवाच. आमच्याकडे ऑगस्टमध्ये तासाभरात तो चमचाभर पाणी धरतो. ट्रॅप नसेल तर ते पाणी थुंकीसारखं पंखावर येतं. फवारताना खिडकी उघडी आणि तोंडाला वाफ रोखणारा मास्क. नुसता कापडी मास्क थिनरला अडवत नाही.

टप्पा ९: रंग

क्रम: खालचा राखाडी, मग मातकट, मग हिरवा. फिकटाकडून गडदाकडे. उलट केलं तर गडद रंग झाकायला फिकटाचे इतके थर लागतात की पत्र्याच्या रेघा बुजतात.

रंग पाणीदार ताकाइतका पातळ, दाब १५ पीएसआयच्या आसपास. पहिला हात इतका हलका की खालचं प्रायमर दिसत राहिलं पाहिजे. दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा.

खालचा रंग पूर्ण वाळला की टेप लावून तो झाका. टेप आधी स्वतःच्या हातावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. वर सगळीकडे मातकट मारा. दुसऱ्या दिवशी हिरव्याचे नागमोडी आकार. त्यांच्या कडा मऊ हव्यात, म्हणून चिकट पुट्टीच्या, म्हणजे भिंतीवर पोस्टर लावायला वापरतात तसल्या, बारीक वळकट्या करून आकाराच्या कडेने ठेवा आणि काटकोनातून फवारा. मी एकदा पुट्टी संपली म्हणून कणकेच्या वळकट्या केल्या. कडा सुरेख आल्या. सकाळी पंखावर मुंग्या होत्या.

तपासा: रंगाच्या नकाशात डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळी असते. डावीचा आकार उजवीवर उतरवणं ही सर्वांत सामान्य चूक. पहिली वळकटी ठेवण्याआधी आकार पेन्सिलने हलके काढून नकाशाशी ताडा.

पंख्याच्या पात्यांची टोकं पिवळी: खऱ्या विमानावर चार इंच, म्हणजे आपल्याकडे १.४ मिलिमीटर. आधी पिवळा, मग टेप, मग काळा.

टप्पा १०: ग्लॉस, मग डिकल

सुरुवातीला सांगितलेल्या चंदेरी कडा इथे जन्मतात. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डिकल त्यावर बसला की खाली हवा अडकते आणि ती हवा चमकते. म्हणून डिकलच्या आधी ग्लॉस क्लिअरचे दोन हलके हात आणि चोवीस तास. "किटचा डिकल चांगला आहे, ग्लॉस नको" असं म्हणणारे भेटतील. ऐकू नका.

लाल ठिपक्याच्या खुणाच किटमध्ये असतील तर दोन रस्ते. दोन निळ्यांच्या खुणांचा वेगळा डिकल-संच मागवा. नाहीतर पानावरच, डिकल पाण्यात टाकण्याआधी, बारीक ब्रशने आतला लाल आणि पांढरा भाग फिकट निळ्याने झाका. धावपट्टीवरच्या एअरमननीही ब्रशच चालवला होता, त्यामुळे कड किंचित वाकडी आली तरी चालेल.

किट जुनं असेल तर नको असलेला एक डिकल आधी पाण्यात टाकून पाहा. तो तुकडे होऊन पसरला तर उरलेल्या पानावर क्लिअरचा एक हात मारून वाळवा आणि मग प्रत्येक खूण कडेने कापून घ्या.

लावायची रीत: खूण कापा, कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवून बाहेर ओल्या टिश्यूवर ठेवा. पाण्यातच तरंगत ठेवली तर खालचा गोंद धुऊन जातो. मिनिटभराने ती कागदावर बोटाने सरकते. जागेवर पाण्याचा किंवा सेटिंग सोल्युशनचा थेंब, त्यावर खूण कागदावरून सरकवा, ओल्या ब्रशने जागेवर आणा, मधून कडेकडे टिश्यूने पाणी टिपा. मग सॉफ्टनरचा, म्हणजे डिकल मऊ करणाऱ्या द्रावणाचा, एक हात.

सॉफ्टनर लागला की डिकलला पाच मिनिटांत भयंकर सुरकुत्या पडतात. इथे प्रत्येक नवखा घाबरून बोट लावतो, आणि खूण फाटते. हात मागे बांधून बसा. तासाभरात ती आपोआप ताणून पत्र्याच्या रेघांत उतरते.

दुसऱ्या दिवशी तिरप्या उजेडात बघा. कुठे चंदेरी ठिपका असेल तर तिथे बारीक सुईने दोन-तीन टोचे मारा आणि वरून पुन्हा सॉफ्टनर. सगळं बसल्यावर ओल्या कापडाने गोंदाचे डाग पुसा आणि ग्लॉसचा आणखी एक हात मारा.

टप्पा ११: मळ, मॅट, आणि मोडणारे भाग शेवटी

पत्र्याच्या रेघांत गडद तपकिरी ऑइल किंवा इनॅमल वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, सोडा, अर्ध्या तासाने हवेच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे पुसा. खालचा क्लिअर ॲक्रिलिक किंवा लॅकर असला तरच हे करा. इनॅमलवर इनॅमल वॉश घातला तर पुसताना रंगही येतो.

धुराचा डाग एक्झॉस्टच्या नळ्यांपासून मागे, धडाच्या बाजूने. पातळ केलेला तपकिरी-काळा, आणि तुम्हाला पुरेसा वाटतो त्याच्या निम्मा. पंखावर पाय ठेवायच्या जागी थोडा घासलेला रंग. चाकांवर कागदावर लिहिलेल्या महिन्याप्रमाणे धूळ किंवा चिखल. नंतर सगळ्यावर मॅट क्लिअर, पुन्हा कोरड्या दुपारी.

चाकांचे पाय, तोफांच्या नळ्या, पंखाखालची वेग मोजायची पिटो नळी, अँटेनाचा खांब, पंखा हे सगळं मॅटनंतर. सूचनापत्र त्यातले काही पाचव्या पायरीलाच लावायला सांगतं. त्याचं ऐकलं तर रंग होईपर्यंत पिटो नळी तीनदा मोडते आणि चौथ्यांदा सापडत नाही. पाय लावल्यावर समोरून बघा: दोन्ही सारखे, चाकं टेबलाला पूर्ण टेकलेली. इथेही रात्रभर.

सगळ्यात शेवटी काचेवरची टेप. सुरी नको, टूथपिकच्या टोकाने कोपरा उचला आणि काचेला जवळपास समांतर ठेवून सावकाश मागे ओढा. एखाद्या चौकटीला रंगाची झालर राहिली तर तीही त्याच टूथपिकने खरवडते.

मॉडेल लगेच काचेच्या बंद पेटीत ठेवू नका. आठवडाभर उघड्यावर, धूळ बसू नये म्हणून नुसतं पुठ्ठ्याचं खोकं उपडं टाकून ठेवा. रंगातला उरलेला थिनर उडायला तेवढा वेळ लागतो.